रोजा, पेशी आणि व्हॉट्सॲपवरचे नोबेल

रमजानचा चंद्र दिसला की मुबारकबादीच्या संदेशांपाठोपाठ आणखी एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. उपवासात शरीर आपल्याच खराब पेशी खाऊन टाकते, कर्करोगाच्या पेशी उपाशी राहून मरतात आणि हे सिद्ध केल्याबद्दल एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले, असा त्याचा साधारण आशय असतो. हाच संदेश आषाढी एकादशीला येतो, नवरात्रातही येतो. उपवासाचे नाव तेवढे बदलते, शास्त्रज्ञ तोच राहतो.

शास्त्रज्ञ खरा आहे. त्यांचे नाव योशिनोरी ओसुमी. त्यांना मिळालेले २०१६ चे नोबेलही खरे आहे. कर्करोगाचा भाग मात्र मागाहून कोणीतरी जोडलेला आहे. धडधाकट रोजेदाराने हा संदेश वाचला तर फारसे बिघडत नाही. आपल्या इबादतीचे कौतुक ऐकून कोणालाही बरेच वाटते. पण ज्या घरात कोणाचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत, तिथे हा संदेश सल्ला होऊन पोहोचतो. एवढी कडक औषधे कशाला, महिनाभर रोजे धर, आपोआप बरी होशील, असे प्रेमाने सांगणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो. म्हणून पेशी कशी जगते, कशी वाढते आणि कशी मरते, हे रमजानच्या निमित्ताने नीट समजून घेतलेले बरे.

एकीच्या दोन, दोनाच्या चार

आपण सगळे एका पेशीपासून सुरू झालो. आईच्या पोटात त्या एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मोठ्या माणसाच्या शरीरात आज अंदाजे ३० लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या केंद्रक असलेल्या बहुतेक पेशींच्या पोटात डीएनएचा सुमारे दोन मीटर लांबीचा धागा ४६ गुणसूत्रांमध्ये घडी घालून ठेवलेला असतो. शरीर कसे चालवायचे याचा सारा हिशेब त्या धाग्यावर लिहिलेला असतो.

पेशी विभागायची तर आधी या सगळ्या धाग्याची नक्कल तयार व्हावी लागते. मग ४६ जोड-गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी रांगेत येतात, दोन्ही टोकांकडून आलेले बारीक तंतू त्यांना पकडतात आणि एकेक प्रत आपापल्या बाजूला ओढून नेतात. वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पेशी रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही सगळी हालचाल चित्रांसह नोंदवली. त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये आले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला हे सगळे चक्र पुरे करायला साधारण एक दिवस लागतो. त्यातला जवळजवळ सगळा वेळ तयारीत जातो. प्रत्यक्ष दोन भाग व्हायला तासभर पुरतो.

तयारीला एवढा वेळ लागण्याचे एक मोठे कारण म्हणजे वाटेतली तपासणी. डीएनए कुठे तुटलेला नाही ना, नक्कल पूर्ण झाली ना, प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडचे तंतू नीट जोडले गेले ना, हे पाहिल्याखेरीज पेशी पुढचे पाऊल टाकत नाही. जकात नाक्यावर कागद पाहिल्याशिवाय गाडी सोडत नसत, तसाच हा प्रकार. अमेरिकेतल्या लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवण्याच्या यीस्टमध्ये हे नाके शोधले. इंग्लंडच्या पॉल नर्स यांनी पेशीला पुढे ढकलणारे मुख्य जनुक ओळखले. टिम हंट यांना १९८२ मध्ये सागरी साळिंदराच्या अंड्यांत असे एक प्रथिन सापडले, जे विभाजनाआधी साठत जाते आणि विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसे होते. पुढच्या फेरीला ते पुन्हा साठू लागते. या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले.

नाक्यावर दोष सापडला तर पेशी थांबते आणि दुरुस्तीला लागते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर तिला मरण्याचा हुकूम मिळतो. हा हुकूम देणाऱ्यांत पी-५३ नावाचे प्रथिन महत्त्वाचे आहे. त्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

मरण्याचीही रीत आहे

आपल्या शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी मरतात आणि जवळपास तेवढ्याच नव्या तयार होतात. त्यांतल्या बहुतेक रक्तातल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या असतात. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी रक्तात येतात. म्हाताऱ्या झालेल्या पेशींना प्लीहा आणि यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात आणि त्यांच्यातले लोह पुन्हा वापरात येते. आतड्याच्या अस्तरातली पेशी तीन ते पाच दिवसच टिकते. म्हणजे रमजानच्या पहिल्या इफ्तारचा खजूर ज्या पेशींनी पचवून रक्तात सोडला, त्यांतल्या बहुतेक पेशी आठवडाभराने तिथे नसतात. याउलट मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मापासून अखेरपर्यंत आपल्याला साथ देतात.

पेशीचे मरण दोन तऱ्हांनी येते. चटका बसला, मार लागला, रक्तपुरवठा तुटला, तर पेशी फुगून फुटते. तिच्यातला ऐवज बाहेर सांडतो, भोवताली सूज येते. हे अपघाती मरण. दुसरे मरण शांत असते. पेशी आतल्या आत आक्रसते, आपला डीएनए बेताने तोडते, स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. आजूबाजूला कोणाला त्रास होत नाही, मागे व्रण राहत नाही. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टर करी या तिघांनी १९७२ मध्ये या मरणाचे सविस्तर वर्णन केले आणि त्याला ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. हा मूळ ग्रीक शब्द, झाडावरून पाने गळण्यासाठी वापरला जाणारा. मराठीत आपण पानगळ म्हणतो तेच.

ही पानगळ जन्माआधीच सुरू होते. गर्भात सुरुवातीला हाताचा पंजा वल्ह्यासारखा अखंड असतो. मग बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि पाच बोटे सुटी होतात. दुआसाठी आपण जे हात पसरतो, नमस्कारासाठी जे जोडतो, त्यांचा आकार असा काही पेशींच्या मरणातून घडलेला आहे. त्या मरायच्या राहिल्या तर बाळाची बोटे कधीकधी जुळलेली राहतात.

हे मरण किती नेमके असते, ते एका किड्याने दाखवले. मातीत राहणारा हा गोल किडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा आणि पारदर्शक असतो. त्याची प्रत्येक पेशी कुठून आली आणि कुठे गेली, याचा वंशवृक्ष जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तयार केला. या किड्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात, त्यांतल्या १३१ मरतात आणि पूर्ण वाढलेल्या किड्यात ९५९ उरतात. वेगवेगळ्या किड्यांमध्ये त्याच १३१, त्याच टप्प्याला मरतात. हे मरण जनुकांच्या ताब्यात आहे, हे रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांनी सिद्ध केले. या किड्यावर काम करण्याची वाट दाखवणारे सिडनी ब्रेनर आणि हे दोघे, अशा तिघांना २००२ चे नोबेल देण्यात आले.

थांबणे विसरलेली पेशी

पेशी विभागत राहते म्हणजे किती वेळा? १९६१ मध्ये फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की, प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी सुमारे ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात. याचे एक कारण गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, तसे गुणसूत्राच्या टोकाला टेलोमियर असते. प्रत्येक विभाजनात ते थोडे झिजते. फार झिजले की पेशीला थांबण्याची खूण मिळते.

कर्करोगाची पेशी हा नियम मोडते. बहुतेक कर्करोगांत टेलोमियर पुन्हा वाढवणारे विकर चालू झालेले असते. तपासणीचे नाके निकामी झालेले असतात. ज्या पी-५३ प्रथिनाने दोषी पेशीला थांबवायचे किंवा मरायला लावायचे, त्याचे जनुकच जवळपास निम्म्या कर्करोगांत बिघडलेले आढळते. म्हणजे कर्करोग हा काही बाहेरून आलेला शत्रू नसतो. ती आपलीच पेशी असते, थांबणे आणि मरणे विसरलेली.

अशा पेशी किती काळ जगू शकतात, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स यांचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने १९५१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्या गाठीतला एक तुकडा त्यांना न विचारता संशोधनासाठी वापरला गेला. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढल्या आणि आजही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. पोलिओच्या लशीच्या चाचणीत त्यांचा मोठा उपयोग झाला. एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या संमतीचा प्रश्न मात्र पुढे अनेक वर्षे विज्ञानाला टोचत राहिला.

याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. मुंबईला परतल्यावर १९६० च्या दशकात त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडे कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास रुजवणाऱ्यांत या मराठी बाईंचे नाव आदराने घेतले जाते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

केमोने केस का गळतात, तोंड का येते, याचे उत्तरही इथेच आहे. केमोची अनेक औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, पण केसांच्या मुळाच्या, तोंडातल्या आणि आतड्यातल्या अस्तराच्या, रक्त बनवणाऱ्या पेशीही तसेच करतात. त्यामुळे चांगल्या पेशींनाही मार बसतो. उपचार थांबले की त्या सावरतात, केस पुन्हा येतात. हा त्रास पाहून घरच्यांना उपचार चुकत आहेत असे वाटते आणि नेमक्या त्याच वेळी तो व्हॉट्सॲपवरचा संदेश येऊन पडतो.

ओसुमींनी काय पाहिले?

इफ्तारसाठी बेकरीतून येणारा पाव ज्या यीस्टने फुगतो, त्याच यीस्टवर ओसुमी काम करत होते. १९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. पेशी आपल्या आतली जुनीपुराणी यंत्रसामग्री एका पिशवीत बंद करून मोडीत काढते, हे आधीपासून माहीत होते. बेल्जियमच्या ख्रिस्तियाँ द दूव यांनी १९६३ मध्येच त्याला ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण असे नाव दिले होते. पण ते घडते कसे, कोणती जनुके ते चालवतात, याचा पत्ता नव्हता. ओसुमींनी मोडतोड करणारी विकरे नसलेले यीस्ट घेतले आणि त्याला उपाशी ठेवले. काही तासांत यीस्टच्या पेशीतल्या पोकळीत बारीक पुटिका साचताना दिसल्या. मोडीचा माल आत येत होता, पण तो मोडायला कोणी नव्हते, म्हणून तो साचून डोळ्यांना दिसला. पुढे त्यांनी या कामाची १५ जनुके शोधली. माणसाच्या पेशीतही त्यांच्यासारखीच जनुके आहेत. त्यासाठी ते नोबेल होते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, ओसुमींनी रोजेदारांवर, उपवास करणाऱ्यांवर किंवा कर्करोगाच्या रुग्णांवर प्रयोग केला नव्हता. त्यांनी उपाशी ठेवले ते यीस्टला. किती तासांच्या उपवासाने माणसाच्या कोणत्या अवयवात हे काम किती वाढते, हे मोजणे आजही अवघड आहे. संदेशातले १२ तास, १६ तास असे हिशेब या नोबेलमध्ये कुठेही नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ऑटोफॅजी म्हणजे पेशीचे मरण नव्हे. ती सहसा पेशीची तग धरण्याची धडपड असते. सरपण संपल्यावर घरातले मोडके फर्निचर चुलीत घालून दिवस काढावा, तशी पेशी आपल्यातला निकामी माल मोडून गुजराण करते. निरोगी पेशीला यामुळे स्वच्छतेचा लाभ होतो आणि बिघाड टळायला मदत होते. पण कर्करोगाच्या पेशीलाही हीच युक्ती येते. गाठीच्या आत रक्त कमी पोहोचते, तिथल्या भुकेल्या पेशी ऑटोफॅजीच्या जोरावर टिकून राहू शकतात. म्हणूनच काही संशोधक कर्करोगात ऑटोफॅजी रोखणारी औषधे तपासून पाहत आहेत. संदेश सांगतो त्याच्या नेमके उलटे. उपवास आणि केमो यांच्या संबंधावर संशोधन चालू आहे, पण उपचारांच्या जागी उपवास, असे कुठलेही वैद्यकशास्त्र सांगत नाही.

आजाऱ्याला सवलत आहे

मग रोजाचे काय? रोजा आरोग्यासाठी धरला जात नाही. तो अल्लाहच्या आज्ञेसाठी, मनावर लगाम घालण्यासाठी आणि भुकेल्याची भूक कळावी म्हणून धरला जातो. त्याला नोबेलच्या दाखल्याची गरज नाही. उद्या एखाद्या संशोधनाने उपवासाचा काही फायदा नाही असे दाखवले, तर काय रोजे सोडायचे? श्रद्धेला विज्ञानाच्या उसन्या कुबड्या दिल्या की दोन्हींचे नुकसान होते.

शिवाय कुरआनातल्या सूरह अल-बकरामध्ये जिथे रोजाचा आदेश आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही आहे. त्यांनी सुटलेले रोजे नंतर कधीही पूर्ण करावेत. याला कजा म्हणतात. ज्याला पुढेही शक्य होणार नाही, त्याने रोजाच्या बदल्यात गरजूला जेवू घालावे. तो फिदिया. ही पळवाट नाही, तोही धर्माचाच भाग आहे. उपचार करून घेण्याची पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवणही हदीसमध्ये नोंदलेली आहे. सवलत असताना जीव धोक्यात घालून रोजा धरणाऱ्याचे पुण्य वाढते, असा समज करून घेऊ नये.

केमो चालू असलेल्या रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडून चालत नाही. काही औषधांच्या वेळी मूत्रपिंडे जपण्यासाठी पाण्याची विशेष काळजी घ्यावी लागते. उलट्या, जुलाब होत असतील तर धोका आणखी वाढतो. याउलट, उपचार संपून बरे झालेल्या किंवा दिवसातून एकच गोळी घेणाऱ्या एखाद्या रुग्णाला डॉक्टर रोजाची परवानगी देऊही शकतात. गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारला, हेही तेच सांगतील. मात्र विचारायचे डॉक्टरांना. मशिदीतल्या इमामसाहेबांकडे गेलात तरी जाणकार इमाम आधी डॉक्टरांचेच मत विचारतील.

इफ्तारनंतरची पुडी

कर्करोगापासून बचावाची एक खरी संधी मात्र रमजान आपल्याला देतो आणि तिच्याबद्दल कोणी संदेश पाठवत नाही. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्याची मुख्य कारणे तंबाखू आणि सुपारी. गालात धरलेला तोबरा तिथल्या अस्तराला रोज जखमी करतो. जखम भरण्यासाठी पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागते आणि त्याच वेळी तंबाखूतली रसायने डीएनए बिघडवत असतात. प्रत्येक विभाजनात चूक होण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षे हे चालले की एखादी पेशी थांबणे विसरते.

रोजेदार दिवसाचे १३-१४ तास तंबाखू, बिडी, गुटखा, मावा यांतले काहीही तोंडात घालत नाही. हे त्याला जमते. अडचण मगरीबच्या अजानीनंतर सुरू होते. खजूर खाऊन, पाणी पिऊन, नमाज अदा करून काही जणांचा हात थेट खिशातल्या पुडीकडे जातो. दिवसभर ज्या माणसाने स्वतःला रोखले, त्याला रात्रीचे चार-पाच तास रोखणे अशक्य नाही. घरच्यांनी त्याला टोमणे न मारता साथ द्यावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तिखट सोसत नसेल, आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर ईदपर्यंत थांबू नये. दंतवैद्याला किंवा सरकारी रुग्णालयात तोंड दाखवावे. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते.

तो जुना संदेश यंदाही कोणी पाठवला तर त्यावर वाद घालत बसू नका. ओसुमींचे कौतुक जरूर करा. फक्त पुढे पाठवण्याआधी आपल्या यादीत उपचार घेत असलेले कोणी आहे का, हे आठवून पाहा. असेल तर तिला फोन करा, तब्येत विचारा, पुढच्या केमोला सोबत कोण आहे ते विचारा. कोणी नसेल तर आपण जा. रमजानच्या महिन्यात याहून मोठी नेकी शोधायला लांब जावे लागणार नाही.